हळकुंडाची गाठ

उल्हासनगर, कॅम्प नंबर ४
५ ऑक्टोबर १९९०

श्री. गुरुदत्त पाटकर, रिटायर्ड लाइन फोरमन,
कात्रप, बदलापूर (पूर्व)

व्याहीबुवा,

जयभीम. हा शब्द तुम्हाला चालत नाही हे ठाऊक आहे, म्हणून तोच पहिला घातला. रागावलेला माणूस पत्र शेवटपर्यंत वाचतो.

'व्याहीबुवा' म्हटलेलंही तुम्हाला झोंबतं. पण तुमचा मधू आणि माझी शालन यांचं रजिस्टर लग्न होऊन दोन वर्षं झाली. तुम्ही तोंड फिरवलंत म्हणून नातं फिरत नाही. तुमच्या स्वतःच्या वरातीत माझी आई गयाबाई डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालली होती, मी तिच्या लुगड्याला धरून मागे. तेव्हा आमचा उजेड चालला, आता आमची लेक चालत नाही. असो. त्या बत्तीचे पुढे माझे भाड्याने द्यायचे अकरा जनरेटर झाले, त्यामुळे तक्रार नाही.

मुद्द्याचं सांगतो. बुधवारी सकाळी पोलिसांनी मधूला माझ्या दुकानातून उचललं.

सोमवारी तुमच्या पक्षाचा बंद होता. दिल्लीतली खुर्ची डुगडुगते आणि दुकानं आमची बंद, हे आता सवयीचं झालंय. अंबरनाथचे दोन-चार कारखाने गेट लावून आत चालू होते, ते कोणाला तरी बघवलं नाही. दुपारी कोणीतरी मोठ्या लाइनवर साखळी फेकली. अर्धं अंबरनाथ बंद, इकडे आमचा कॅम्पही बंद. संध्याकाळी तुमचा जुना लाइनमन जनू ती साखळी काढायला खांबावर चढला. तार जळून अर्धी झाली होती, ती तुटली आणि जनू खाली आला. कमरेचं हाड मोडलंय. उभा राहील की नाही, डॉक्टर बोलत नाहीत.

आता हे मधूने केलं म्हणतात. का? तर तो फोरमनचा मुलगा, लहानपणापासून बापामागे खांबाखाली उभा राहिलेला. आणि सासरा जनरेटरवाला.

फौजदार मला म्हणाले, "ओव्हाळ, अंधार झाला की फायदा कोणाचा?"

मी म्हटलं, "साहेब, मग माणूस मेला की लाकडाच्या वखारवाल्याला धरत जा."

ते हसले. सोडलं नाही.

त्या दुपारी मधू चेलारामशेठच्या बर्फाच्या कारखान्यात जनरेटर खोलून बसला होता. चेलाराम ते चौकीत सांगायला तयार नाही. म्हणतो, "साईं, लड़का मेरे पास था बोलूँ, तो बंद में कारखाना चालू था ये भी बोलना पड़ेगा. फिर मेरे काँच कौन बचाएगा?" त्याचंही खोटं नाही. काचा फोडणारे तुमच्याच पक्षाचे.

साखळी चौकीत टेबलावर पडलीय. तिला जळकं हळकुंड बांधलंय, कडीत झेंडूची पाकळी अडकलीय. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार आहे, आंधळ्यालाही कळेल. मी फौजदारांना म्हटलं, "आमच्या घरात हळकुंड आमटीत जातं, हत्याराला नाही." तर म्हणाले, "जावई तुमचा हिंदूच ना?"

तेव्हा तुम्ही या. इतकी वर्षं वीज सांभाळलेला माणूस, पक्षात वजन. फौजदारासमोर एवढंच म्हणा, माझा मुलगा असं करणार नाही. माझ्या घरात पाय ठेवू नका, पाणी पिऊ नका, शिव्या देऊन जा. पण या. शालनला सातवा चालू आहे.

तुम्हाला नको असलेला,
भगवान ओव्हाळ


१३ ऑक्टोबर १९९०

व्याहीबुवा,

जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. "मला मुलगा नाही. पुन्हा पत्र पाठवू नये." बंद पाकीट परवडत नव्हतं असं नाही. पोस्टमनपासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांनी वाचावं म्हणून कार्ड. वाचलं सगळ्यांनी. पानवाल्याने मला पान फुकट दिलं.

मधूला आता कल्याणच्या जेलात हलवलंय. मी भेटलो. तुमच्या कार्डाबद्दल बोललो नाही. त्याने विचारलं, "अप्पा आले होते का?" मी म्हटलं, "त्यांना ताप आहे." तुमच्यासाठी खोटं बोललो, याची नोंद घ्या.

काल जनूला बघायला गेलो. प्लॅस्टरात पालथा आहे, बायको अंजनी उशाशी. मी मोसंबी ठेवली आणि सरळ विचारलं, "जनू, मधूनं हे केलं असेल?"

"नाही दादा."

"मग तसं सांग की चौकीत."

"मग विचारतील, कोणी केलं."

"कोणी केलं?"

त्याने भिंतीकडे तोंड केलं. तेवढं एकच त्याला फिरवता येतं. अंजनी चिडली. "सांगा की! कंबर तुमची मोडली, त्यांची नाही."

जनू म्हणाला, "वर गेलो, साखळी बघितली आणि हात थबकला. थबकलो नसतो तर तार तुटायच्या आत उतरलो असतो. ज्यानं माझ्या हातात पहिली पक्कड दिली..." आणि गप्प झाला.

व्याहीबुवा, मी चौथीपर्यंत शिकलो, पण माझे कान चांगले आहेत. जनरेटर कुठे कण्हतोय ते मी रस्त्यावरून सांगतो. शिवाजी चौकातल्या सलूनमध्ये तोंडाला साबण लावून बसलो होतो. साबण लावलेला माणूस बहिरा असतो असं लोकांना वाटतं. तुमच्या पक्षाचे दोघे मागच्या बाकावर. एक म्हणाला, "काय फेकली राव! एका झटक्यात." दुसरा म्हणाला, "मग? फोरमनचा हात आहे तो. या वेळी तिकीट पक्कं."

जनूच्या हातात पहिली पक्कड कोणी दिली? पुढच्या निवडणुकीचं तिकीट कोणाला हवंय?

ती साखळी कशासाठी असते हे मला मधूने सांगितलं होतं. लाइन बंद करून माणूस वर चढायच्या आधी ती तारांवर टाकायची. चुकून कोणी लाइन चालू केली तरी वरचा माणूस वाचतो. म्हणाला, "अप्पा ती कोणाच्या हातात देत नाहीत. रिटायर झाले तेव्हा साहेबांकडे मागून घेतली आणि घरी खुंटीला लावली." सांगताना पोराला अभिमान होता.

त्या खुंटीवर आज काय आहे? मला लिहू नका. उठून बघा आणि चौकीत जा.

भगवान ओव्हाळ


२२ ऑक्टोबर १९९०

व्याहीबुवा,

दिवाळी झाली. आमच्या घरी फटाके नव्हते, तुमच्या गल्लीत होते असं ऐकतो.

भाऊबीजेला तुमच्या कुमुदिनीबाई भावाकडे शहाडला गेल्या होत्या, बरोबर? गेल्या होत्या. तिथून रिक्षाने माझ्याकडे आल्या. हे लिहू की नको यावर मी दोन रात्री घालवल्या. लिहितोय ते एवढ्यासाठी की पुढचं त्याशिवाय तुम्हाला पटणार नाही. याबद्दल बाईंना एक शब्द बोललात, तर खाली दिलेली मुदत मी पाळणार नाही.

त्या सुनेची ओटी भरायला आल्या होत्या. दारात चप्पल काढून उभ्याच. माझी रखमा चहा घेऊन गेली, पण पुढे करेना. म्हणाली, "विहीणबाई, आमच्याकडचा चालेल ना?"

"चहा चालतो, सूनही चालते. न चालणारे ते. मला कोणी विचारलं?" असं म्हणून त्यांनी कप घेतला.

शालनला पाटावर बसवलं. खण, नारळ, तांदूळ, सुपारी. आणि हळकुंड. त्याला लाल धागा आडवा-उभा गुंडाळलेला, शेवटी चपटी गाठ, बटणासारखी. मी कप खाली ठेवला. हीच गाठ मी चौकीतल्या टेबलावर बघितली होती. काळी पडलेली, पण हीच.

मी अगदी साधं विचारलं, "विहीणबाई, गाठ छान आहे. कोणी शिकवली?"

"आईनं. आमच्या माहेरी हत्याराला बांधायचं हळकुंड असंच बांधतात. झिजून आपोआप पडेपर्यंत काढायचं नाही. ओढून काढलं की हत्यार रुसतं आणि हातावर उलटतं. यांचा तर एवढा विश्वास! पक्कड घ्या, हातोडी घ्या, सगळ्याला मीच बांधते."

मी पुढे विचारलं नाही. त्यांना काही सांगितलंही नाही.

आता कळलं. साखळी घेऊन घरून निघालात तेव्हा झेंडूची माळ काढलीत. पाकळी राहिली, ते कळलं नाही. पण हळकुंडाला हात लावायचं धाडस झालं नाही. अंबरनाथ अंधारात घालायला हात कापला नाही, बायकोने बांधलेली गाठ तोडायला कापला. तुम्ही देव न मानणारे असता, तर आज सुटला असता.

जनूची कंबर मोडावी असं तुमच्या मनात नव्हतं, हे मी धरून चालतो. सात वेळा पाडलेलं दुकान मी आठव्यांदा उभं केलंय, माणूस किती वाईट असतो त्याचा अंदाज आहे मला. तुम्ही तेवढे नाही. पण मुलगा तुमच्या जागी बसलाय आणि तुम्ही घरी करंज्या खाताय, हे त्याहून खालचं आहे.

गुरुवारपर्यंत स्वतःच्या पायाने जा. सांगा की पक्षाच्या नादात झालं, माणूस पडेल असं वाटलं नव्हतं. स्वतःहून आलेल्याला कायदा थोडा सबुरीने घेतो. नाहीतर त्या धाग्याचं दुसरं टोक कुठे आहे, ते मला माहीत आहे.

भगवान ओव्हाळ


१० नोव्हेंबर १९९०
(हवालदारांच्या हस्ते)

व्याहीबुवा,

या वेळी पोस्टाचं तिकीट वाचलं. तुमचा पत्ता माझ्या दुकानापासून चालत जाण्याइतका जवळ आला.

गुरुवारी तुम्ही गेला नाहीत. शुक्रवारी तुमचं उत्तर मिळालं, डिझेलच्या टाकीत मूठभर वाळू. शहाडला सिंध्याच्या लग्नात मोठा जनरेटर चालू केला आणि पहिल्याच फेऱ्याला आवाज वेगळा लागला, दातात खडा यावा तसा. मी ओरडून बंद करायला लावला, म्हणून इंजिन वाचलं. लग्न मात्र तासभर अंधारात. नवरीचा बाप मला जे बोलला त्यातलं अर्धं तुमचं होतं, तेवढं आता पोचवतो. हरामखोर.

मग मीही ठरवलं.

कुमुदिनीबाईंना भावाकडून निरोप पाठवला की मधूला भेटायचं असेल तर आधी चौकीतून परवानगी घ्यावी लागते, मी नेतो. तसं काही लागत नाही. फौजदारांना सांगून ठेवलं, "मुद्देमाल टेबलावर राहू द्या. एक बाई येतील, त्या काय म्हणतात ते फक्त ऐका." आणि बाईंना कुठल्या बाकावर बसवायचं, तेही मी ठरवलं होतं. हे सगळं तुम्हाला उघड लिहितो. तुम्ही लपवलंत, मी लपवत नाही, आपल्यात तेवढा तरी फरक असू दे.

बाई डबा मांडीवर घेऊन बसल्या. शंकरपाळ्यांचा वास येत होता. समोर साखळी.

फौजदार म्हणाले, "ओळखता का बाई?"

त्या माझ्याकडे वळल्या. "भगवानराव, मला इथं यासाठीच आणलंत?"

"हो."

"मधू बाहेर येईल?"

"येईल."

"आणि हे आत जातील."

मी मान हलवली. बाहेर रिक्षावाल्यांची बोंबाबोंब चालली होती, दिल्लीत सरकार पडलं म्हणून कोणी तरी पेढे वाटत होतं. बाईंनी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, "लिहून घ्या. हळकुंड माझं आहे."

फौजदारांना खुमखुमी. "हळकुंडावर नाव असतं का?"

"नाव नसतं, गाठ असते. घरी चला, पक्कड आणि हातोडीला बघा. दसऱ्याला साखळी खुंटीवर होती. बंदाच्या दिवशी दुपारी नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, घासायला दिलीय."

त्यानंतर जनूनेही तोंड भिंतीकडून इकडे फिरवलं. म्हणाला, "काकूच बोलल्या, मग मी कोणासाठी गप्प बसू?"

मधू काल सुटला. घरी आला, आंघोळ केली, जेवला नाही. मला म्हणाला, "मामा, दुसरा काही मार्ग नव्हता का?" मी म्हटलं, "होता. तुझ्या बापाला तीन पत्रांतून दाखवला." तो उठून गेला. माझ्यावर चिडलाय, तुमच्यासाठी. बघा, नसलेला मुलगा कसा असतो.

बाई माझ्याकडेच राहतायत. शालनचे दिवस भरत आलेत.

भगवान ओव्हाळ


खंडेनवमी, १९९१

व्याहीबुवा,

जयभीम. वर्षभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं तुमच्याकडे काही उरलं नव्हतं.

जामिनावर आहात, केस चालू आहे, तिकीट पक्षाने दुसऱ्यालाच दिलं, सगळं कानावर येतं. सलूनमध्ये तुमचं तिकीट पक्कं म्हणणारा पोरगा आता नव्या उमेदवाराची पोस्टरं लावतो. कात्रपच्या घरात एकटेच जेवता, तेही ऐकलं. मला वाईट वाटलं नाही. जनू अजून काठीवर चालतो, अंजनीने शिवणाचं मशीन घेतलंय. त्यांचं ऐकून मला वाईट वाटतं, त्यातून तुमच्यासाठी शिल्लक उरत नाही.

नात झाली तुम्हाला. डोळे तुमच्यावर गेलेत, त्याला इलाज नाही.

पण पत्राचं कारण वेगळं आहे. कुमुदिनीबाई वर्षभर माझ्या घरात आहेत आणि वर्षभर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. ताट वाढतात, चहा देतात, नातीला माझ्या मांडीवर ठेवतात, बोलणं नाही. मी समजलो होतो की मी त्यांना फसवून चौकीत नेलं, त्याचा राग. रास्त आहे म्हणून मीही छेडलं नाही.

आज सकाळी त्या दुकानात आल्या. हातात हळकुंडं, लाल धागा. मधूची पक्कड, पाने, जनरेटरचं हँडल, एकेकाला हळकुंड बांधायला बसल्या. मी म्हटलं, "बाई, माझ्या दुकानात पूजा होत नाही." रखमा मला म्हणाली, "गप बसा हो. हत्यारं तुमच्या जावयाची आहेत."

सगळी बांधून झाली तरी धागा गुंडाळलेलं एक हळकुंड उरलं. ते माझ्यापुढे धरलं आणि वर्षानंतर पहिल्यांदा बोलल्या. "हे त्यांना पाठवा."

"काय लिहू?"

"बांधायला हत्यार नसेल तर आमटीत घाला म्हणावं. तुमच्या घरात तिकडेच जातं ना हळकुंड?"

आमटीची गोष्ट मी फक्त एकदाच लिहिली होती, तुम्हाला, पहिल्या पत्रात.

"पोस्टमन दुपारी येतो," त्या म्हणाल्या. "दुपारी हे पक्षाच्या ऑफिसात. पाकीट चहाच्या वाफेवर धरलं की सुटतं. तिन्ही वाचली. पहिलं वाचून सून सातव्यात आहे ते कळलं, म्हणून ओटी घेऊन आले. तिसरं वाचलं आणि खुंटीकडे बघत बसले. तुमच्या गुरुवारपर्यंत मीही यांची वाट बघितली. शुक्रवारी हे घरात जेवून झोपले. मग तुमचा निरोप आला."

"म्हणजे चौकीत तुम्हाला..."

"माहीत होतं. परवानगी लागत नाही तेही माहीत होतं. माझा भाऊ कोर्टात शिपाई आहे."

"मग बाई, वर्षभर माझ्याशी का बोलला नाहीत?"

त्यांनी धागा दाताने तोडला. "तुम्हाला सगळं ऐकू येतं. पण मला सरळ विचारावं, एवढंच तुम्हाला सुचलं नाही. यांनी तीस वर्षं विचारलं नाही. तुम्ही निराळे असाल असं वाटलं होतं."

व्याहीबुवा, आयुष्यात मला लोकांनी पुष्कळ नावं ठेवली, बहुतेक मी हसून परत केली. हे परत करता आलं नाही. तुमच्या रांगेत बसवलं मला बाईंनी, आणि ती जागा मला मान्य नाही, म्हणून हे पत्र. दुकानातच मी त्यांना विचारलं, उशिरा का होईना. "बाई, तुम्हाला कात्रपला परत जायचंय का?"

त्या म्हणाल्या, "विचार करते. घाई नाही."

एवढंच कळवायचं होतं. त्या विचार करतायत, आणि या वेळी तुम्ही किंवा मी मध्ये बोलायचं नाही.

हळकुंड पाकिटात आहे. गाठ तपासून बघा, पाकीट मी चिकटवायच्या आत त्यांनी पुन्हा एकदा आवळली आहे.

भगवान ओव्हाळ